कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात

दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पेशंट आमच्या ओपीडीत येतात. चिठ्ठीत बहुधा एकच विचारणा असते: यांना इम्प्लांट बसवायचे आहे, साखर आटोक्यात आहे का? पेशंटची तक्रार मात्र वेगळी असते. स्क्रू एका बैठकीत बसवतात, मग त्यावरचा दात बसवायला तीन-चार महिने कशाला थांबायचे? भिंतीत खुंटी ठोकली की लगेच पिशवी अडकवता येते, जबड्यात का नाही?

या प्रश्नाचे उत्तर देताना मला दर वेळी लंडनच्या हंटेरियन संग्रहालयातली एक बरणी आठवते. त्या बरणीत कोंबड्याचे उभे कापलेले डोके आहे आणि त्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रुतलेला आहे. हा उद्योग अडीचशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने केला, त्यानेच हाड ही अखंड मोडत आणि घडत राहणारी जिवंत वस्तू असल्याचे प्रयोगाने दाखवून दिले. दातांच्या बाबतीत मात्र त्याची चूकही तेवढीच मोठी होती, आणि तिची किंमत इतरांनी मोजली. तो माणूस म्हणजे जॉन हंटर.

जॉनचा जन्म फेब्रुवारी १७२८ मधला, स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइडजवळच्या लाँग काल्डरवूड या शेतावरचा. दहा भावंडांत हा शेंडेफळ. शाळेत त्याचे मन कधी रमले नाही. ढग, गवत, किडे, पक्षी यांच्यामागे दिवस घालवायचा आणि कोणालाही उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची कीर्ती. पुस्तकी विद्या त्याला पुढेही फारशी जमली नाही. ऑक्सफर्डला पाठवून पाहिले, पण दोन महिन्यांच्या आत तो परत आला.

थोरला भाऊ विल्यम लंडनमध्ये शरीररचनाशास्त्राची शाळा चालवत होता. १७४८ मध्ये वीस वर्षांचा जॉन त्याच्याकडे मदतनीस म्हणून गेला. पहिल्या विच्छेदनातच त्याचा हात किती चांगला आहे, हे भावाच्या ध्यानात आले. पुढची सुमारे बारा वर्षे त्याची थंडीचे महिने मृतदेहांच्या सहवासात गेली. हे मृतदेह यायचे कुठून? फासावर गेलेल्यांचे देह अपुरे पडत, म्हणून रात्री कबरी उकरणाऱ्या टोळ्यांकडून ते विकत घेतले जात. हंटर यांच्या ज्ञानाचा पाया असा गरिबांच्या कबरींवर उभा आहे. पुढे दातांच्या संदर्भात हे पुन्हा आठवावे लागेल.

शस्त्रक्रियेचे शिक्षण त्यांनी चेसेल्डन आणि पॉट या त्या काळच्या नामवंत सर्जनांच्या हाताखाली घेतले. १७६० मध्ये ते लष्करात सर्जन झाले. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे बेल-ईल बेट आणि नंतर पोर्तुगाल असा त्यांचा मुक्काम होता. गोळी लागलेली जखम मोठी करून, बोटे घालून गोळी शोधायची, अशी तेव्हाची रीत होती. अशी उसकाउसकी न केलेल्या काही जखमा आपणहून बऱ्या होताना हंटर यांनी पाहिल्या. शरीराला सोडले तर ते पुष्कळसे काम स्वतःच करते, हा विचार तिथे रुजला आणि मग त्यांनी तो कधी सोडला नाही.

१७६३ मध्ये लंडनला परतले तेव्हा हातात काम नव्हते. भावाच्या शाळेतली जागा दुसऱ्याने घेतली होती. पोटापाण्यासाठी त्यांनी जेम्स स्पेन्स नावाच्या दंतवैद्याबरोबर काम धरले. त्या काळच्या सर्जनच्या दृष्टीने ही पायरी उतरण्यासारखी गोष्ट होती. दात उपटणे म्हणजे न्हाव्याचे, लोहाराचे, फार तर जत्रेतल्या वैदूचे काम. पण हंटर यांना कोणतेच काम हलके वाटत नसे. या काही वर्षांत त्यांनी शेकडो जबडे तपासले, गर्भातल्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंतचे. त्यातून १७७१ मध्ये माणसाच्या दातांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि १७७८ मध्ये दातांच्या रोगांवरचा दुसरा भाग. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा ही जी वर्गवारी आजही इंग्रजीत शिकवतात, ती रूढ होण्यात या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

त्या ग्रंथातले एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. दाताची मुळे ज्या खोबणीत बसतात, तो जबड्याचा काठ खरे पाहता जबड्याचा नाहीच, तो दातांचा आहे, असे हंटर यांनी मांडले. दात येतो तेव्हा तो काठ तयार होतो, दात गेला की तो झिजून नाहीसा होतो. म्हाताऱ्या माणसाचे गाल आत का जातात, हनुवटी पुढे का येते, याचे उत्तर यात आहे. आज दात काढल्यावर पाच-सात वर्षांनी इम्प्लांटसाठी आलेल्या पेशंटला हाड उरले नाही, आधी हाड भरावे लागेल, असे सांगितले जाते, तेव्हा कारण हेच असते.

पण हाड झिजते म्हणजे काय होते? हंटर यांच्या आधीही हाडांवर एक गमतीदार प्रयोग झालेला होता. कापड रंगवण्यासाठी युरोपात एका वनस्पतीची लाल मुळे वापरत. आपल्याकडची मंजिष्ठा तिची सख्खी बहीण. हे मूळ जनावरांच्या खाण्यात आले की त्यांची हाडे लाल होतात, हे १७३६ मध्ये लंडनच्या बेल्चियर या सर्जनच्या लक्षात आले. फ्रान्सच्या द्युहामेल यांनी पुढे त्यावर काम केले. आज आपल्याला कारण माहीत आहे: मुळातले रंगद्रव्य कॅल्शियमला धरून बसते. त्यामुळे त्या दिवसांत जे हाड नव्याने घातले जात असेल, तेवढेच रंगते.

हंटर यांनी डुकरांना काही दिवस हे मूळ खाऊ घातले, काही दिवस बंद केले. मग हाडे कापून पाहिली. लाल थर आणि पांढरा थर असे आलटून पालटून दिसले. नवे हाड बाहेरून चढत होते, आणि आतल्या पोकळीच्या बाजूने जुने हाड नाहीसे होत होते. नुसती भर पडत गेली असती तर हाड जाड आणि भरीव झाले असते. एका हाताने घालायचे आणि दुसऱ्या हाताने काढायचे, असे काम तिथे सतत चालू होते. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी डुकराच्या पिलाच्या पायाच्या हाडात दोन छिद्रे पाडून शिशाचे छर्रे बसवले. डुक्कर मोठे झाले, हाड लांब झाले, पण दोन छर्ऱ्यांमधले अंतर तेवढेच राहिले. म्हणजे हाड रबरासारखे ताणून वाढत नाही, टोकांशी वाढते. ऑर्थोपेडिक्सचा विद्यार्थी आज हे पहिल्याच आठवड्यात शिकतो.

हाड घालणाऱ्या आणि हाड खाणाऱ्या पेशी त्यांना दिसल्या नव्हत्या. ते बघण्याजोगे सूक्ष्मदर्शक यायला अजून अवकाश होता. पण पेशी न पाहता त्यांच्या कामाचा हिशेब त्यांनी बरोबर मांडला होता. १७६७ मध्ये त्यांच्या स्वतःच्या टाचेवरची शीर तुटली, तर त्यांनी तेवढ्यावरून कुत्र्यांच्या शिरा कापून त्या कशा सांधतात हे क्रमाने पाहिले. जखमेत आधी रक्त गोठते, त्या गाठीत रक्तवाहिन्या शिरतात आणि मग तिथे त्या त्या जागेचे ऊतक तयार होते, अशी त्यांची धारणा होती. रक्त हे जिवंत आहे, असे ते म्हणत. शब्द जुने आहेत, पण क्रम बरोबर आहे.

आता तो कोंबडा. हंटर यांचे म्हणणे असे की ताज्या उपटलेल्या दातात प्राण शिल्लक असतो, आणि तो दुसऱ्या जिवंत शरीरात ठेवला तर दोन्ही एकजीव होतात. हे दाखवायला त्यांनी कोंबड्याचा तुरा निवडला, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर. माणसाचा पूर्ण न वाढलेला दात तुऱ्यात चीर देऊन बसवला. अनेक प्रयत्नांत यश क्वचितच आले. पण जिथे आले तिथे रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरून पाहिल्यावर तो दाताच्या आतपर्यंत गेलेला दिसला. बहुतेक वेळा प्रयोग फसला, याकडे मात्र त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. आवडते मत सिद्ध होताना दिसले की चांगल्या चांगल्या डॉक्टरांचे असे होते. माझेही झाले आहे.

त्या काळी साखर स्वस्त झाली होती आणि लंडनच्या श्रीमंतांचे पुढचे दात किडत होते. हस्तिदंताचे दात पिवळे पडत, त्यांना वास येई. मग जिवंत दात रोपण करण्याची टूम निघाली. पद्धत साधी होती. बाईंना खुर्चीत बसवायचे, शेजारी दात विकायला आलेली गरीब मुले उभी करायची. बाईंचा किडका दात उपटायचा, मुलाचा चांगला दात उपटायचा, आणि रक्त वाळायच्या आत तो बाईंच्या खोबणीत बसवून शेजारच्या दातांना रेशमाने बांधायचा. एका मुलाचा दात मापात बसला नाही तर दुसऱ्याचा काढून पाहता यावा म्हणून तीन-चार जण तयार ठेवावेत, असा सल्ला हंटर यांच्या पुस्तकात आहे. मापात न बसलेला दात ज्या मुलाचा उपटला गेला, त्याचे पुढे काय, हे पुस्तकात नाही.

१७८७ मध्ये रोलँडसन या चित्रकाराने यावर व्यंगचित्र काढले. मधोमध धुराडी साफ करणारा काळवंडलेला पोरगा बसला आहे आणि दंतवैद्य त्याचा दात उपटतो आहे. शेजारी नटलेली बाई वाट पाहते आहे. दाराकडे दोन फाटकी मुले गाल धरून निघाली आहेत, त्यांतली एक हातातल्या नाण्याकडे बघते आहे. चित्र पाहताना हसू येत नाही. लांबचा काळ म्हणून सोडून द्यावे असेही वाटत नाही, कारण मूत्रपिंडाचा बाजार आपण आपल्या हयातीत पाहिलेला आहे.

हे दात टिकत किती? काही महिने, काही वर्षे, नशीब असेल तर त्याहून थोडे अधिक. कारण आज स्पष्ट आहे. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. दुसऱ्याच्या दाताबरोबर आलेला पडदा शरीर परका म्हणून नाकारते. पडदा मेला की हाड खाणाऱ्या पेशी सरळ मुळावर चढतात. मूळ थोडे थोडे खाल्ले जाते, त्याच्या जागी हाड भरते, आणि एके दिवशी वरचा भाग पडतो. हाड सतत मोडते आणि घडते हे हंटर यांनीच दाखवले होते. तीच घडामोड त्यांच्या रोपण केलेल्या दातांना संपवत होती.

(स्वतःचा पडलेला दात ही वेगळी गोष्ट. मूल खेळताना पडले आणि कायमचा दात मुळासकट निघाला, तर मुळाला हात न लावता, न घासता, दात दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे जावे. तो पुन्हा रुजू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.)

दात पडणे हा त्यातला लहान तोटा. १७८५ मध्ये विल्यम वॉटसन या डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. दात बसवून घेतल्यानंतर तिच्या तोंडात व्रण झाले, ते पसरत गेले आणि ती दगावली. दात देणाऱ्याकडून उपदंश, म्हणजे सिफिलिस आला असावा, अशी शंका होती. अशा आणखी तक्रारी होत्या. हंटर यांनी १७८६ च्या गुप्तरोगांवरच्या ग्रंथात त्यांचा विचार केला आणि हा उपदंश नव्हेच, असा निष्कर्ष काढला. दात देणारी माणसे वरून निरोगी दिसत होती, आणि त्यांच्या मते हा रोग व्रणातल्या पुवानेच पसरतो, रक्ताने नव्हे.

हे मत चुकीचे होते, आणि त्याच ग्रंथातली दुसरी चूक अधिक प्रसिद्ध आहे. १७६७ मध्ये त्यांनी परम्याच्या रुग्णाचा पू टोचून पाहिला. टोचून घेणारे ते स्वतः होते की दुसरा कोणी, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्या व्यक्तीला उपदंश झाला. त्यावरून परमा आणि उपदंश हे एकच, असे त्यांनी ठरवले. पू देणाऱ्याला दोन्ही रोग असू शकतात, हे ध्यानात आले नाही. त्यांच्या नावाच्या वजनाने ही समजूत पुढे अनेक वर्षे टिकली.

एवढे असूनही हंटर यांना नुसते दोषी ठरवून माझे समाधान होत नाही. त्याच ग्रंथकाराने १७८५ मध्ये गुडघ्यामागची धमनी फुगलेल्या एका गाडीवानाचा पाय वाचवला. पाय कापण्याऐवजी त्यांनी मांडीत वरच्या बाजूला धमनी बांधली, आणि बाजूच्या लहान वाहिन्यांनी रक्ताचा भार उचलला. देवीची लस देणारा एडवर्ड जेन्नर त्यांच्याच घरी राहून शिकला. तो गावी गेल्यावर हंटर त्याला पत्रे लिहून साळिंदरासारख्या काटेरी हेजहॉगची मागणी करत, कारण हिवाळ्यात झोपलेल्या प्राण्याचे तापमान किती उतरते ते मोजायचे असे. अर्ल्स कोर्टच्या घरी त्यांनी बिबळेसुद्धा पाळले होते. एकदा ते सुटले, तर याने नुसत्या हातांनी धरून आणून बांधले आणि नंतर स्वतःच थरथरू लागला. पत्नी अ‍ॅन कवयित्री होती, हायडनने तिच्या गीतांना चाली दिल्या. अशा घरात मागच्या दाराने प्रेते आत येत, याची तिने कशी सांगड घातली असेल कोण जाणे.

दातांच्या ग्रंथात एक छोटे प्रकरण मृत दात बसवण्यावर आहे. असे दातही काही जणांच्या तोंडात कित्येक वर्षे राहिलेले पाहिल्याचे हंटर नमूद करतात. जिवंत दातावर त्यांचा इतका भर होता की या नोंदीतून पुढे काही निघू शकते, असे त्यांना वाटले नाही. ते निघायला १९५२ उजाडावे लागले. स्वीडनमध्ये लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला थेट चिकटून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते चार दशकांहून अधिक काळ, त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, टिकले.

टायटॅनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा पातळ थर बनतो आणि त्या थराशी शरीर भांडत नाही. त्याला पडदा नाही, प्राण नाही, नाकारण्याजोगे काही नाही. पण बाकी सारे हंटर यांच्या हिशेबाने चालते. हाडात छिद्र पाडले की रक्त येते आणि स्क्रूभोवती गोठते. त्यात रक्तवाहिन्या शिरतात. काही आठवड्यांत कच्चे, विस्कळीत हाड बनू लागते. त्याच वेळी स्क्रूच्या आट्यांनी दाबले गेलेले जुने हाड खाल्ले जाते. म्हणून पहिल्या दिवशी घट्ट वाटणारा स्क्रू तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास उलट थोडा कमकुवत असतो. मग कच्चे हाड काढून पक्के हाड घातले जाते, त्याला महिने लागतात. या काळात चावण्याने स्क्रू केसाच्या जाडीपेक्षा थोडासा जरी हलत राहिला, तरी हाडाऐवजी मऊ तंतूंचे आवरण बनते आणि तो कायमचा सैल राहतो. काही निवडक पेशंटमध्ये लवकर दात बसवता येतो, पण ते दंतवैद्याने जबडा पाहून ठरवायचे. साखर वाढलेली असेल तर वाहिन्या नीट शिरत नाहीत आणि जंतू लवकर शिरतात. तंबाखू आणि सिगारेटने रक्तपुरवठा आखडतो. त्या चिठ्ठीवर सही करण्याआधी मी तीन महिन्यांची सरासरी साखर मागतो, ती याचसाठी.

हंटर यांना शेवटची बरीच वर्षे छातीत कळा येत. रागावले की हमखास. कोणीही चिडवणारा आपला जीव घेऊ शकेल, असे ते स्वतःच बोलून दाखवत. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बैठकीत दोन विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. ते उठून शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या हाडासारख्या कडक झालेल्या आढळल्या.

मागे कर्ज आणि सुमारे चौदा हजार नमुने उरले. १७९९ मध्ये सरकारने ते पंधरा हजार पौंडांना घेतले. तोवर विल्यम क्लिफ्ट या तरुण मदतनिसाने तुटपुंज्या पगारावर बरण्या राखल्या आणि हस्तलिखितांचा बराचसा भाग स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला. ते बरे झाले, कारण मेहुणा एव्हरार्ड होम याने १८२३ मध्ये मूळ कागद जाळले. त्यातले किती त्याने आधी स्वतःच्या नावावर छापले होते, याची चर्चा अजून चालते. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. कोंबड्याचे डोके वाचले.

हंटर यांना सेंट मार्टिन चर्चच्या तळघरात पुरले होते आणि जागा विस्मरणात गेली होती. १८५९ मध्ये फ्रँक बकलँड या सर्जनने तिथल्या रचलेल्या शवपेट्यांमधून अनेक दिवस शोध घेऊन त्यांची पेटी शोधून काढली आणि ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत हलवली गेली.